डावी बाही

परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यात थंडीने दात वाजणारं माणूस मी एकच पाहिलं. ती माझी मोठी बहीण महानंदा. मी तिला आक्का म्हणायची. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात आम्ही राहत होतो. दोन खोल्या, मागे एवढंसं फरशीचं अंगण आणि पत्र्याची न्हाणी. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. आप्पा ड्यूटीवरून आले की अंगातला बनियन काढून पिळायचे आणि तारेवर टाकायचे. अशा उन्हात आक्का आतल्या खोलीत पंखा बंद करून, गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची आणि म्हणायची, "उजे, खिडकी लाव गं. वारं यायलंय." वारं कुठलं? बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. तरी मी उठून खिडकी लावायची. माझं नाव उज्ज्वला. पण उजे अशी हाक ज्यांनी मारली त्यांतलं आता आईशिवाय कुणी उरलेलं नाही.

आप्पा पॉइंट्समन होते. यार्डात गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची, डबे जोडायचे, सोडवायचे, हे त्यांचं काम. आमच्या घरात घड्याळाकडे कुणी बघायचं नाही. शंटिंगचे धक्के, मालगाडीच्या डब्यांची एकामागून एक होणारी ठणठण, स्टेशनावरच्या भोंग्यातून येणारा तो एकाच सुरातला बाईचा आवाज, यांवरच आई कुकर लावायची आणि उतरवायची. सकाळी आंघोळ झाली की आप्पा कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत. आधी त्यांची पूजा चहा निवायच्या आत व्हायची. आक्का आजारी पडल्यापासून ती लांबत गेली. आई कपावर बशी झाकून ठेवायची आणि शेवटी तो चहा परत गरम करायची.

आक्का डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं. उद्या वर्गात जो धडा घ्यायचा तो आदल्या दिवशी मला आणि आईला समोर बसवून घ्यायची. आईला उत्तर आलं नाही तर "उभ्या राहा," म्हणायची, आणि आई खरंच लाटणं हातात घेऊन उभी राहायची आणि हसायची. कपड्यांची तिला फार हौस होती. ड्रेसशी बांगड्या जुळल्या नाहीत तर ती कॉलेजला जायची नाही. त्या वर्षी तिच्या पायांवर सूज यायला लागली, मग तोंडावर आली, मग खाल्लेलं पोटात राहीना. नांदेडच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. तिथून पुढे आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आप्पांना ड्यूटी, आईला शुगर आणि गुडघे. म्हणून पूर्णा ते नांदेड पॅसेंजरने तिच्याबरोबर मी जायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, आणि वर्गात माझी हजेरी मैत्रिणी लावायच्या.

आमच्या घरातलं खाणं बदललं. भाजी चिरून पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं, परत दुसऱ्या पाण्यात उकळायची, तेही फेकायचं, मग उरलेल्या चोथ्याला जरा फोडणी द्यायची. मीठ नाही, डाळ मोजून, फळ नाही. आक्काला शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी एवढं मिळालं तर दुसरं काही लागायचं नाही. तेवढीच तिला बंद झाली. पण सगळ्यांत वाईट पाण्याचं होतं. दिवसभरात सगळं मिळून तीन पेले. आई सकाळीच एका बाटलीत तेवढं पाणी भरून तिच्या उशाशी ठेवायची, चहासुद्धा त्यातूनच व्हायचा. मे महिन्यात आम्ही तिघं माठातलं पाणी प्यायचो ते चोरासारखं. आप्पा बाहेरून आले की आधी चपला काढून सरळ न्हाणीकडे जायचे आणि तिथल्या बादलीतून प्यायचे, पेल्याचा आवाज होऊ नये म्हणून ओंजळीने. एकदा आक्का आतून म्हणाली, "आप्पा, घरात या, माठातलं गार प्या. मला माहिताय तुमी कुठं जाता ते." आप्पा ओल्या हातांनी तसेच दारात उभे राहिले.

दवाखान्यातला डायलिसिसचा हॉल एसीचा होता. रक्त बाहेर काढून, मशीनमधून फिरवून परत अंगात सोडायचं, असं चार तास चालायचं. परत येणारं रक्त गार लागतं, आक्का म्हणायची, जणू हातातून कुणी विहिरीचं पाणी सोडायलंय. ती कुडकुडायची. दवाखान्याची चादर पुरायची नाही. घरून नेलेला आईचा जुना लांब स्वेटर पाठीखाली गोळा व्हायचा, आणि त्याची बाही वर जायची नाही. तिच्या डाव्या हाताची नस डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेली होती. त्या जागी बोट ठेवलं की आत काहीतरी भिरभिरल्यासारखं लागायचं. त्याच हातात दोन जाड सुया टोचायच्या, म्हणून तो हात उघडा ठेवावा लागे आणि तोच सगळ्यांत जास्त गारठायचा. एका दिवशी सुया टोचून झाल्यावर तिने उजव्या हाताने मोबाइल माझ्यापुढे धरला. कुठल्याशा मुलीचा फोटो होता. अंगात क्रोशाचा स्वेटर, समोरून मोठ्या बटणांचा, आणि लांबी कमरेच्या वरच संपलेली.

"असला कर मला," आक्का म्हणाली. "आखूड. पाठीखाली गोळा व्हायला कापडच न्हाई राहणार."

"आणि बाही?"

"डाव्या बाहीला मनगटापासून दंडापर्यंत बटणं लाव. सुई टोचायची तेवढीच जागा उघडायची, बाकी झाकून." मग जरा थांबून म्हणाली, "आन् पिवळा कर. झेंडूसारखा. मी लय काळी पडलेय, पिवळ्यात अजून काळी दिसेन. दिसू दे."

असले आखूड स्वेटर आता परभणीच्या कॉलेजात निम्म्या पोरींच्या अंगात दिसतात. मी तिथे ऑफिसात काम करते. फीची पावती घ्यायला आलेल्या एका मुलीने मला सांगितलं, मॅडम, याला क्रॉप्ड कार्डिगन म्हणतात. मी म्हटलं, छान आहे. पावती लिहिताना माझा आकडा चुकला आणि मला दुसरी पावती करावी लागली.

क्रोशा आईला येत होता. लग्नाआधी तिने दोऱ्याची तोरणं, टीव्हीवर घालायचे रुमाल असं बरंच केलं होतं, पण लोकरीत आणि अंगात घालायचं तिने कधी काही विणलं नव्हतं. साखळी, मुका खांब, खांब हे टाके तिने मला शिकवले आणि बाकीचं मी मोबाइलवर एका हिंदी बोलणाऱ्या बाईचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलं. लोकर नांदेडला घेतली. भर उन्हाळ्यात लोकर मागितली म्हणून दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. शिडी लावून त्याने माळ्यावरून पोतं काढलं. अडचण आली ती मापाची. डायलिसिसला जायच्या दिवशी सकाळी आक्काच्या अंगात तीन-चार दिवसांचं पाणी साठलेलं असे, दंड आणि तोंड सुजलेलं असे; संध्याकाळी परत आलं की तीच आक्का काडी झालेली असे, खांद्याची हाडं टेपखाली लागत. "कोणत्या दिवसाचं माप धरू गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "सुजलेल्याचं धर. जायच्या वेळी घालायचाय ना? येताना ढगळ झाला तरी कोण बघायलंय." मी सुजलेल्या दिवसाचं माप घेतलं आणि वहीच्या पानावर लिहिलं. पाठ, पुढचे दोन पदर, उजवी बाही, डावी बाही, असे पाच तुकडे. कधी नाही ते घरात जरा हसणं आलं. आक्का पडल्या पडल्या टाके मोजायची आणि मास्तरीण होऊन माझी चूक काढायची.

पाठ निम्मी झाली असेल, तेव्हा डॉक्टरांनी आप्पांना बोलावून घेतलं. त्या दिवशी रजा टाकून ते आमच्याबरोबर आले. आक्का हॉलमध्ये होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की डायलिसिसवर हिचं शरीर फार दिवस साथ देईल असं दिसत नाही, किडनी बदलणं हाच खरा इलाज आहे, आणि घरातलं कोणी देऊ शकलं तर चांगलं. आप्पांचा रक्तगट जुळत नव्हता. आईची शुगर बारा वर्षांची. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वय विचारलं. मी सांगितलं. रक्तगट विचारला. मी म्हणाले, आक्काचाच. "जबरदस्ती कुणावरही नाही," ते म्हणाले. "घरी बोला. मनापासून तयारी असेल तरच या." येताना गाडीत आप्पा पूर्णा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आठ दिवस घरात त्यावर कुणी बोललं नाही. फक्त एक झालं. आईने मला रोज सकाळी दुधाचा पेला द्यायला सुरुवात केली. आमच्या घरी सगळ्यांना चहाच असायचा. पहिल्या दिवशी मी पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पेला हातात धरला आणि माझ्या मनात आलं, हे दूध मला की माझ्या पोटात जे आहे त्याला? आईला विचारायची हिंमत झाली नाही. ते दूध मी रोज प्यायले.

मग आत्या आली; आप्पांनीच तिला फोनवर सांगितलं असावं. आप्पांची थोरली बहीण, सोनपेठची. एसटीने आली, पिशवीत शेवया आणि कुरडया. जेवणं झाली, आप्पा पान खात बसले, मी उंबऱ्याजवळ पाठीचा तुकडा घेऊन बसले होते. आक्का आतल्या खोलीत पडली होती, मध्ये फक्त पडदा. आत्याने विषय काढला.

"बसाप्पा, तू उजीचं पोट चिरायचा इचार करायलास म्हणं?"

आप्पांनी पान या गालातून त्या गालात घेतलं.

"वन्सं, हळू बोला," आई म्हणाली. "ती जागी हाय."

आत्याने आवाज खाली घेतला, पण तिचा खालचा आवाजही घरभर ऐकू जायचा. "एका लेकराचं असं झालंय, ते त्या महादेवाच्या हातात. पर दुसऱ्या लेकरालाबी सुरी लावायची का? तिचं लगीन व्हायचंय. उद्या लोक म्हणतील, अर्धी पोरगी पदरात घातली. कोण करून घेईल तिला? आन् हिला काय झालं म्हंजे? दोन्हीबी जातील, बसाप्पा."

आप्पांनी पान थुंकून टाकलं, तोंड पुसलं आणि ते माझ्याकडे वळले. "उजे, तुझं तू सांग. तुला कुणी लावून न्हाई सांगायचं. हो म्हणलीस तरी माझी लेक, न्हाई म्हणलीस तरी."

मी मान वर केली नाही. ओळीतले खांब मोजायला लागले. एक, दोन, तीन. सोळापर्यंत आले आणि परत पहिल्यापासून मोजले. मग म्हणाले, "मला भीती वाटायलीय, आप्पा."

"बघ," आत्या म्हणाली. "लेकरू काय म्हणायलंय, ऐक."

आई उठली, गॅसवरची भाजी उतरवली आणि तिचं उकळतं पाणी मोरीत ओतलं. वाफ वर आली. पडद्यामागून आक्काचा आवाज आला, अगदी रोजचा. "उजे, पाठ झाली का गं?"

"होत आलीय," मी म्हणाले.

पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले की आत्याने मोडता घातला म्हणून राहिलं. नवऱ्याला हेच सांगितलं, सासूबाईंना हेच सांगितलं, आणि सांगून सांगून माझाही त्यावर विश्वास बसला. ते खरं नाही. आत्या बोलली नसती तरी मी तेच म्हणाले असते. डॉक्टरांनी माझं वय विचारलं त्या क्षणीच मला तिथून पळून जावंसं वाटलं होतं. त्या हॉलमध्ये चार-चार तास बसून मी सुया पाहिल्या होत्या, नळ्यांतून जाणारं रक्त पाहिलं होतं, शेजारच्या खाटेवरचा माणूस एका दिवशी आला नाही की त्याबद्दल कुणी विचारत नाही हे पाहिलं होतं. मला त्यातलं काहीही माझ्या अंगाला लागू द्यायचं नव्हतं.

पुढच्या खेपेला आमची गाडी चुडाव्याला थांबवून ठेवली. समोरून कुठली तरी एक्स्प्रेस जायची होती. डबा रिकामाच होता. आक्का खिडकीशी, मी समोर. तिने ओढणी डोक्यावरून घेतली होती. बाहेर उन्हात शेतं नांगरून पडली होती, ढेकळं नुसती.

"उजे, मी त्या दिवशी जागी होते," ती म्हणाली.

"माहिताय."

"तुला काय वाटतं, तू हो म्हणली असतीस तर मी नको म्हणले असते?"

मला वाटत होतं, ती आता म्हणेल, मी घेतलीच नसती गं, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी त्या वाक्याची वाट बघत होते.

"लय डाव मनात म्हणून बघितलं," आक्का म्हणाली. "उजे, नको, तुझी तुला राहू दे. एवढंच म्हणायचं होतं. पर तोंडातून येतच न्हाई. घेतली असती मी. मला जगायचंय गं." मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो उजवा, बरा असलेला. "माझ्यावर रागावू नको."

एक्स्प्रेस धडधडत गेली. खिडकीच्या गजांतून आत धूळ आली. आक्काला ठसका लागला, आणि माझ्या हातात पाण्याची बाटली होती, पण सकाळपासून तिचे दोन पेले झाले होते. ती मानेनेच नको म्हणाली.

त्याच दिवशी मी ठरवलं की हो म्हणायचं. खरंच ठरवलं. पण कधी म्हणायचं, तर हा स्वेटर पुरा झाल्यावर. हात मोकळे झाले की, म्हणजे एकदम, असं मी मनाशी म्हटलं. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. पाठ झाली, पदर झाले, उजवी बाही झाली. डावी बाही सुरू केली आणि मनगटाशी यायला लागले तसे माझे हात जड झाले. एका दुपारी मला वाटलं, बटणांसाठी ठेवलेली घरं तिरकी दिसतायत. क्रोशाचं एक असतं, सुईतला तो एकच टाका सोडला आणि धागा ओढला की सगळं भराभरा सुटत जातं. मी निम्मी बाही उसवली. परत विणली. तीन-चार दिवसांनी परत उसवली, मापात नाही म्हणून. मग परत. प्रत्येक वेळी कारण सापडायचं. नांदेडच्या फेऱ्या चालूच होत्या. आक्का त्या एसीत चादर गळ्यापर्यंत ओढून विचारायची, "डावी कुठवर आली?" आणि मी म्हणायची, "कोपरापाशी." दर खेपेला कोपरापाशीच. तिने कधी म्हटलं नाही की मागच्या खेपेलाही कोपरापाशीच होती. ती मोजणारी बाई होती. तिच्या लक्षात आलं नसेल असं मी म्हणू शकत नाही.

आईच्या लक्षात आलं. चार वाजले असतील, ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने माझ्या मांडीवरची बाही उचलली आणि लोकर अंगठ्याने चाचपली.

"ही लोकर किती डाव उसवलीस?"

"एकदा. बटणं तिरकी..."

"नवी लोकर अशी केसाळ होत न्हाई, उजे. चार-पाच डाव तरी उसवलीस."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. माझ्या हातातून सुई काढून घेतली. "तिला थंडी वाजायलीय," एवढंच म्हणाली, आणि डोळ्यांशी धरून विणायला लागली. दोन दुपारींत तिने ती बाही पुरी केली, मनगटापर्यंत नेली, पट्टी केली, बटणं लावली. आईचा हात घट्ट होता. कोपराच्या वरचे माझे टाके सैल आणि खालचे तिचे ताठ. कुठे मी थांबले आणि कुठून तिने घेतलं, ते कुणालाही दिसलं असतं.

दुसऱ्या दुपारी मी आप्पांचा डबा घेऊन यार्डात गेले. ते रुळांच्या कडेला हिरवा झेंडा काखेत धरून उभे होते. "आप्पा, मी देते," मी म्हणाले. काय देते ते त्यांनी विचारलं नाही. "नीट इचार केलास?" एवढं विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "आक्काला आताच सांगू नको. तपासण्या होऊ देत. न्हाई जुळलं तर पोरगी परत मोडंल." मला ते बरोबर वाटलं. आणि, लिहूनच टाकते, मला जरा सुटल्यासारखंही वाटलं. पुढच्या खेपेला आक्काला हॉलमध्ये सोडून मी खालच्या मजल्यावर रक्त दिलं. रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी मिळेल, जुळलं तर पुढच्या तपासण्या मोठ्या शहरात कराव्या लागतील, असं सांगितलं. कापसाचा बोळा मी जिन्यातच फेकून दिला.

त्या दिवशी आक्काने स्वेटर पहिल्यांदा घातला होता. सिस्टरनी डाव्या बाहीची पाच बटणं काढली, सुया टोचल्या, वरची दोन परत लावली आणि म्हणाल्या, हे बाकी भारी केलंय. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारे मामा असायचे. त्यांनी विचारलं, "पोरी, कुठं घेतलास गं?" आक्का म्हणाली, "माझ्या बहिणीनं विणलाय." बाही अर्धी आईची आहे हे तिला दिसत होतं. ती चार तास कुडकुडली नाही. झोपली. डायलिसिसमध्ये ती झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. मी स्टुलावर बसून होते, आणि मला एकदा वाटलं, हिला हलवून उठवावं आणि सांगावं. मी उठवलं नाही.

दवाखान्यात स्वेटर तिने तीनच खेपांना घातला. चौथ्या खेपेला निघायच्या दिवशी सकाळी अंगात घालून, तोंडावरची सूज आरशात बघून, ती आईपुढे वेणी घालून घ्यायला बसली होती. मी पिशवी भरत होते. "आई, छातीत कसं तरी व्हायलंय," ती म्हणाली. आईच्या हातात वेणीचे तीन पेड होते. आक्का मागे आईच्या मांडीवर कलंडली. शेजारच्यांनी रिक्षा आणली, गावातल्या दवाखान्यात नेली, पण ती आईच्या मांडीवरच गेली होती. आप्पा यार्डातून पळत आले, काखेत झेंडा तसाच.

आम्हा लिंगायतांत माती देतात, आणि बसवून देतात. सोनपेठहून आत्या आली तेव्हा बायकांनी आक्काला आंघोळ घातली होती, नवं लुगडं नेसवलं होतं, कपाळाला भस्म लावलं होतं. स्वेटर दोरीवर टाकलेला होता. आईने तो काढून आणला. कुणीतरी म्हणालं, असं लोकरीचं घालत नाहीत. आई म्हणाली, "घालतात. माझी लेक हाय." तिचे हात चालेनात. तेव्हा आत्याच पुढे झाली. आक्काचे हात तिने बाह्यांत घातले आणि डाव्या बाहीची बटणं खालपासून वरपर्यंत एकेक लावत गेली, लावताना हुंदके देत, "माझी माय गं, माझी माय," म्हणत. मी दारात उभी होते. त्या वेळी आत्याचा मला राग यायला पाहिजे होता, पण मला तिचा हेवा वाटला.

रिपोर्ट आणायला कुणी गेलं नाही. जुळत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. काही वर्षं मी नांदेडला जाणंच टाळलं. नंतर गेले, त्या रस्त्याने गेले, पण आत गेले नाही. आक्का ज्या वयात गेली त्याहून मी आता बारा वर्षांनी मोठी आहे. दोन्ही किडन्या ठीक आहेत; मागच्या वर्षी दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवल्या. मी मान फिरवली.

आप्पा निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. आई माझ्याकडे परभणीला असते. आक्काबद्दल ती बोलते, तिच्या अक्षराबद्दल, तिच्या बांगड्यांबद्दल. त्या दिवसांबद्दल नाही. यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघी गॅलरीत ऊन खात बसलो होतो. मुलं आणि त्यांचे बाबा बाहेर गेले होते. आई मेथी निवडत होती. कशावरून निघालं ते आठवत नाही. मी म्हणाले, "आई, डॉक्टरांनी विचारलं त्याच दिवशी मी हो म्हणायला पाहिजे होतं."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, तिचं तेवढंच होतं. सगळे तेच म्हणतात.

"व्हय," आई म्हणाली. "म्हणायला पायजे होतं."

मेथीच्या दोन काड्या तिने निवडल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन् मी तुझ्याकडं मागायला पायजे होती. तोंड उघडून, दे म्हणून. माय होते तिची. तुझीबी होते, म्हणून मागितली न्हाई. नुसतं दूध देत बसले."

मी उठून आत गेले. भात होत आला होता. गॅस बंद केला आणि ओट्याला धरून बराच वेळ तशीच उभी राहिले. बाहेर जाऊन तिच्याजवळ बसायला पाहिजे होतं. तेही मी केलं नाही.